तीळ की खडा

युसूफभाई, तुमचा दगड आता माझ्या दुकानात आहे. आरशाखालच्या फळीवर, पावडरच्या डब्याशेजारी, तुमच्याच जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून ठेवला आहे. दाढीला आलेली माणसं विचारतात, गजूभाऊ, हे काय आहे? मी म्हणतो, दगड आहे, तुमची मान सरळ ठेवा. जास्त विचारलं तर मला राग येतो. तुम्ही गेल्यापासून मला कशाचाही राग येतो. काल एका गिऱ्हाइकाला विनाकारण बोललो, तो अर्ध्या कटिंगवर उठून जाणार होता.

लिहायला बसलो तर हात आपोआप शाळेतल्या मराठीत जातो. तुमच्याशी या भाषेत मी कधी बोललो नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, काऊन बे गजू, मास्तर झाला का? पण काय करता, लिहायचं म्हटलं की मला अशीच येते. सांभाळून घ्या.

पंचवीस वर्षं आपली दुकानं भिंतीला भिंत लागून होती. माझं कटिंगचं, तुमची धार लावायची टपरी. मधली भिंत म्हणजे नुसता टिनाचा पत्रा. तुम्ही खोकललात तर माझ्या गिऱ्हाइकाला कळायचं. त्या पत्र्यातून आपलं एक भांडण चौदा वर्षं चाललं. वस्तरा दगडावरून फिरवताना पातं खड्यावर आलं तर आवाज येतो की येत नाही? तुम्ही म्हणायचात येतो. मी म्हणायचो येत नाही. अख्ख्या गल्लीला हे पाठ होतं. चहावाला मुद्दाम आग लावून जायचा, आज कोण जिंकलं म्हणून. लोकांना वाटायचं की एक म्हातारा आणि एक अर्धा म्हातारा, चालू द्या त्यांची गंमत. गंमत नव्हती ती, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मलाही. त्या भांडणाखाली मी एक गोष्ट दाबून ठेवली होती. ती तुम्हाला सांगायच्या आत तुम्ही गेलात.

पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी सांगतो. नाहीतर मी पुन्हा मधलंच काहीतरी गाळीन.

एका साली शहराबाहेरच्या कारखान्यात मशीन बसवायला जपानी लोक आले होते. त्यातला एक बुटका, पिकल्या केसांचा साहेब माझ्याकडे कटिंगला आला. त्याचं नाव आपल्याला कधीच नीट बोलता आलं नाही, म्हणून तो शेवटपर्यंत साहेबच राहिला. अर्धं डोकं झालं होतं. पत्र्यापलीकडे तुम्ही एका शिंप्याची कात्री दगडावर ओढत होतात. साहेबानं मान वाकडी केली, ऐकलं, आणि गळ्यातल्या कापडासकट उठून तुमच्या टपरीत जाऊन बसला. मी कात्री हातात धरून मागे. तासभर तो तुमच्या हाताकडे पाहत होता. अर्ध्या डोक्यानं. रस्त्यावरची माणसं थांबून हसत होती, त्याला पत्ता नव्हता.

पुढच्या आठवड्यात तो हा दगड घेऊन आला. घरून येताना स्वतःच्या सुऱ्यांसाठी आणला असावा. विटेएवढा लांब, विटेपेक्षा पातळ, पिवळसर राखाडी. भिजला की ओल्या मुलतानी मातीसारखा दिसायचा. मधून एक तपकिरी रेघ आरपार गेलेली, आणि अंगभर बारीक काळे ठिपके. त्यानं माझाच वस्तरा त्याच्यावर फिरवून दिला. मी स्वतःच्या गालाला लावून पाहिला. तेव्हा मी गप्प झालो होतो, आणि तुम्ही म्हणाला होतात की गजू गप्प झाला म्हणजे दगड खरा आहे.

आणि आपण दोघा शहाण्यांनी त्या दगडाचं काय केलं? दगडाच्या चारी बाजूंना काळसर काहीतरी फासलेलं होतं. तुम्हाला वाटलं वर्षानुवर्षांची घाण आहे. मी पण हो म्हटलं. एक अख्खी दुपार आपण ती चाकूनं खरवडून काढली. मग आपल्या रीतीप्रमाणे घमेल्यात पाणी भरून दगड त्यात बुडवून ठेवला. आपले वैनगंगेतले दगड पाण्यातच राहतात ना, दगड तहानलेला ठेवायचा नाही, हे तुमच्या वडिलांनी तुम्हाला शिकवलेलं. तिसऱ्या दिवशी एका कोपऱ्याचा पापुद्रा सुटून घमेल्यात पडला. साहेब आला, त्यानं पाहिलं आणि टपरीच्या पायरीवर मटकन बसला. तुम्ही दोन्ही कान धरले. तो हसायला लागला तेव्हा कुठे आपला जीव भांड्यात पडला.

ती घाण नव्हती, रंग होता. बाजूंनी पाणी आत शिरून दगडाचे थर सुटू नयेत म्हणून लावलेला. त्याला तुमची भाषा येत नव्हती, तुम्हाला त्याची नाही, पण हाताच्या खुणांवरून तुम्हाला समजलं. तुम्ही लाख आणली. एटापल्लीच्या आठवडी बाजारात जंगलातल्या बाया पळसाच्या काड्यांवरची लाख घेऊन बसतात, ती. निखाऱ्यावर वितळवून दगडाच्या चारी बाजूंना फासली. साहेबानं वास घेतला, नखानं टकटक केलं आणि कितीतरी वेळ मान हलवत राहिला. तुमच्या तोंडावरचा तो आनंद मी पाहिला आहे. मुलीच्या लग्नातही तुम्ही इतके खूष नव्हता.

दोन महिने तो येत होता. जाताना दगड तुमच्या हातात ठेवून गेला. त्या दोन महिन्यांत त्यानं तुम्हाला दगड पाहायला शिकवलं आणि तुम्ही मला.

आधी दगड ओला करायचा आणि नुसता पाहत बसायचा. पाणी सुकताना सगळीकडून सारखं सुकलं तर ठीक. एखादी ओळ ओलीच राहिली तर तिथे चीर आहे. मग अंगठ्याचं नख रेघेवरून हळू न्यायचं. नख अडलं नाही तर ती रेघ नुसती रंगाची आहे, तिला भिण्याचं काही काम नाही. लोक रेघ पाहून चांगला दगड फेकून देतात असं तुम्ही म्हणायचात. खरी गोम त्या ठिपक्यांत होती. साहेब त्यांना काय म्हणायचा ते आपल्याला पकडता आलं नाही, म्हणून तुम्ही आपले शब्द केले. जो ठिपका काही करत नाही तो तीळ. जो पात्याला दात पाडतो तो खडा. दिसायला दोघं सारखेच. म्हणून तुम्ही एक जुनं मऊ पातं घेऊन, कान दगडाला लावून, ते त्या ठिपक्यावरून अगदी सावकाश न्यायचात. खडा निघाला तर जाड सुईनं त्याच्याभोवती कोरून त्याला खाली बसवायचं, म्हणजे पातं वरून निघून जातं. आणि हे एकदा करून भागत नाही. दगड झिजतो, आतले नवे ठिपके वर येतात. म्हणून रोज सकाळी टपरी उघडली की आधी दगड पाहायचा. ज्याच्याबद्दल नक्की कळलं नसेल त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल. गोलावर पातं न्यायचं नाही.

मला कंटाळा यायचा. मी म्हणायचो, युसूफभाई, पोरगी पाहायला गेल्यासारखं काय रोज पाहता? तुम्ही म्हणायचात, पोरगी एकदाच पाहतात बे, दगड रोज पाहाव लागते.

आता ते लग्न.

नागभीड माझं मूळ गाव. तिथल्या एका ठेकेदाराच्या घरी नवरदेवाची दाढी करायचा मान आमच्या घराण्याचा. आजोबांनी केली, बापानं केली, आता त्याच्या मुलाच्या लग्नात माझी पाळी. त्याच आठवड्यात तुम्ही एटापल्लीला निघालात, पावसाळ्याआधी दगडाला लाखेचा नवा हात द्यायचा म्हणून. टपरीची चावी नेहमीसारखी माझ्याकडे दिलीत. एसटीत चढताना तुम्ही म्हणालात, "साहेबाच्या दगडाले हात लावू नको. डाव्या कोपऱ्यात एक ठिपका वर येऊन राह्यला. तीळ आहे का खडा, मी येऊन पाहतो."

लग्नाच्या दिवशी सकाळी मी वस्तरा पाहिला तर बोथट. नागभीडला जाणारी छोट्या लाइनची गाडी सुटायला पाऊण तास. माझा स्वतःचा दगड होता, पण नवरदेवाची दाढी, ठेकेदाराचं घर, शंभर माणसं पाहणार. मला तुमच्या दगडाची धार पाहिजे होती. टपरी उघडली. पेन्सिलीचा गोल मला दिसला, युसूफभाई. चांगला ठसठशीत दिसला. मी म्हटलं तीळच असेल. पाण्याचा हात फिरवला, गोल पुसला गेला, आणि मी पातं ओढायला लागलो.

पुढचं मी चौदा वर्षं कोणाला सांगितलेलं नाही. ते शेवटी लिहितो. आधी बाकीचं लिहू द्या.

नवरदेवाला हळद लागलेली. अंगणात पाटावर बसवला. बाया गाणी म्हणत होत्या. उजवा गाल झाला, डावा झाला, कानाखालून जबड्याच्या कडेवर आलो आणि पातं अडकलं. मी ओढलं. कानाखालपासून हनुवटीपर्यंत कातडी उघडली. हळदीवर रक्त वाहत गेलं ते त्याच्या पांढऱ्या धोतरापर्यंत. गाणी थांबली. कोणीतरी बाई अपशकुन अपशकुन करून रडायला लागली. नवरदेवाच्या काकानं माझी कॉलर धरली आणि विचारलं, दारू पिऊन आला का? मी म्हटलं नाही. मग असं कसं झालं? धारेत खोट आहे. धार कोणी लावली?

मी म्हटलं, चंद्रपूरच्या युसूफभाईनं.

इतकंच. दोन शब्द. कोणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. तुमचं नाव ऐकून दोघाचौघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं कशाचं होतं, हे मला समजलं. त्या वर्षांत ते कोणालाही समजलं असतं. तरीही मी नाव मागे घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी काका आणि दोन माणसं टपरीवर आली. तुम्ही सकाळीच एटापल्लीहून आला होतात, लाखेचा पुडा पानात बांधलेला अजून सोडलाही नव्हता. मी माझ्या दारात कंगवा हातात धरून उभा. त्यांनी वस्तरा तुमच्यापुढे टाकला आणि याला धार तुम्ही लावली का विचारलं. तुम्ही वस्तरा उचलला. नख धारेवरून नेलं. एका जागी थांबलात. मग दगडाकडे पाहिलंत, डाव्या कोपऱ्यात, जिथे गोल असायला पाहिजे होता. आणि मग माझ्याकडे. ते पाहणं फार वेळ नव्हतं. गिऱ्हाइकाला आरशात पाहतो तेवढंच.

"हो, मीच लावली," तुम्ही म्हणालात. "दगडात खडा होता. माझ्याच्यानं पाह्यला गेला नाई. गलती माझी आहे."

ते खूप बोलले. तुमच्या जातीधर्मावरून बोलले. जाताना एकानं घमेलं लाथेनं उडवलं. तुम्ही खाली बसून एकेक दगड गोळा केलात आणि पुसून जागेवर ठेवलात. मी मदतीला आलो नाही. नंतर तुम्ही दोन चहा सांगितलेत, एक माझ्यासाठी. चहा अर्धा झाल्यावर तुम्ही एकच विचारलंत, आणि तेही माझ्याकडे न पाहता.

"गजू, पातं फिरवताना आवाज आला होता का?"

"नाई. काहीच नाई."

"येते आवाज."

"नाई येत, युसूफभाई."

असं सुरू झालं आपलं भांडण.

त्यानंतरच्या शुक्रवारी तुम्ही येणार नाही अशी माझी खात्री होती. दर शुक्रवारी नमाजला जाण्याआधी तुम्ही माझ्याकडून दाढीची कड आणि मिश्या नीट करून घ्यायचात. बारा वाजले. तुम्ही आलात, खुर्चीत बसलात, मान मागे टाकली आणि डोळे मिटलेत. तोच वस्तरा होता, दात काढून पुन्हा घासलेला. मी तो तुमच्या गळ्यावर ठेवला. मी भराभर ओढायला लागलो तर तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, घाई काय आहे, अजान व्हायची आहे. त्या दिवशी मला सांगता आलं असतं. खुर्चीत तुम्ही आणि मी, तिसरं कोणी नव्हतं. मी गळ्यावरून पातं फिरवत राहिलो.

बातमी शहरभर झाली. ज्याच्या दगडात खडा तो धारवाला, असं लोक म्हणायला लागले. गावातले न्हावी तुमच्याकडे वस्तरे पाठवायचे, ते हळूहळू बंद झाले. मग अर्ध्या पात्याचे वस्तरे आले. टीव्हीवर रक्तातून लागणाऱ्या त्या आजाराच्या जाहिराती, दर गिऱ्हाइकाला नवं पातं. मीही तेच घेतले. आणि मी मनात म्हणायला लागलो, तसंही युसूफभाईचं वस्तऱ्याचं काम बंद होणारच होतं, पात्यांनी केलं, मी नाही केलं. ही माझी सगळ्यात हलकट गोष्ट आहे. नाव घेतलं ते एका क्षणात घेतलं. पण हे मी वर्षानुवर्षं रोज स्वतःला समजावलं. पात्यांना यायला अजून तीन वर्षं होती, युसूफभाई. ती तीन वर्षं मी तुमच्याकडून काढून घेतली.

वस्तरा म्हणजे तुमची शान होती. विळे आणि कात्र्या कोणीही करतं, असं तुमचंच म्हणणं होतं. आणि मग तुम्ही तेच करत राहिलात. शहरात पुरेसं काम उरलं नाही तर दगडांची पिशवी खांद्याला लावून एसटीनं बाजार करायला लागलात. एटापल्ली, आणि त्याच्याही पुढे, जिथे गाडी दिवसातून एकदा जाते. गुडघे गेलेले, दमा लागलेला.

एकदा मी तुमच्याबरोबर आलो होतो, आठवतं? मोहाच्या झाडाखाली तुमची बसायची जागा ठरलेली होती. आजूबाजूच्या गावांच्या बाया विळे घेऊन रांगेनं बसल्या होत्या, कोणाला घाई नाही. एक म्हातारा नाल्यातला दगड घेऊन आला होता, हा कसा आहे विचारायला. त्याला मराठी तोडकी, तुम्हाला गोंडी तोडकी. तुम्ही दगडावर तोंडाची वाफ सोडलीत, वाफ कशी जाते ते पाहिलंत, नख फिरवलंत, मग त्याचाच कोयता हळू ओढून दगड त्याच्या कानाशी नेलात. त्यानं ऐकलं. त्याचा चेहरा बदलला. पहिल्या खेपेला त्याला ऐकू आलं. तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणालात, पाह्य, याले ऐकू आलं. मी म्हटलं, म्हातारा तुमचं मन राखून राह्यला.

तो म्हातारा निघून गेल्यावर तुम्ही डबा उघडलात. भाभींनी दिलेला भात होता. खाता खाता तुम्ही थांबलात, दातात आलेला खडा जिभेवर घेतलात, बोटानं काढून मला दाखवलात.

"भातातला खडा दाताले समजते का नाई? मंग पात्याले काऊन नाई समजनार?"

मी म्हटलं, भात वेगळा, दगड वेगळा. तुम्ही हसलात आणि जेवत राहिलात. तुम्ही मला किती वाटा करून दिल्या, युसूफभाई. प्रत्येक भांडण ही एक वाट होती. मला फक्त हो म्हणायचं होतं.

तुमच्याबद्दल लिहायचं तर हेच एक लिहायचं असं नाही. माझ्या बायकोला दिवस भरले तेव्हा रिक्षा तुम्ही आणलीत आणि दवाखान्याच्या पायरीवर तुम्ही बसून राहिलात. मी तर घाबरून भिंतीकडे तोंड करून उभा होतो. बापाच्या मागे मला वस्तरा धरायला तुम्ही शिकवलंत, न्हाव्याच्या पोराला धारवाल्यानं. मनगट नाही बे, बोटं, बोटं. आजही मी तसाच धरतो.

शेवटच्या शुक्रवारी मी दवाखान्यात आलो होतो. नाकात नळी होती. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं दगडाची धूळ आत गेली आहे. मी खिशातून कात्री काढली, तुमच्या मिश्या नीट केल्या, कड सारखी केली. नर्स ओरडली, मी तिलाही बोललो. तुम्ही डोळे मिटून पडला होतात, अगदी खुर्चीत बसल्यासारखे. मी कात्री पुसत होतो तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत.

"गजू. येते ना आवाज?"

मी म्हटलं, झोपा तुम्ही. डॉक्टरनं बोलू नका म्हटलं आहे.

तुम्ही मनगट सोडलंत. रविवारी तुम्ही गेलात.

मातीला मी खांदा दिला. तुमच्या जावयानं मला पुढे घेतलं, म्हणाला गजूचाचा, तुम्ही या. मी त्याच्या तोंडाकडे पाहू शकलो नाही.

तीन दिवसांनी निरोप आला म्हणून घरी गेलो. भाभी इद्दतीत बसलेल्या, चार महिने पडद्याआड. मुलीनं दुपट्ट्यात बांधलेला दगड माझ्या हातात दिला. आतून भाभी म्हणाल्या की तुम्हीच सांगून ठेवलं होतं, हा गजूला द्या, त्याचा झगडा बाकी आहे.

दुकानात आणून मी तो दोन दिवस उघडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, शटर अर्धं ठेवून उघडला. झिजून अर्धा राहिला आहे. बाजूंना लाखेचे थरावर थर. पाणी टाकलं आणि पाहत बसलो, तुम्ही शिकवलं तसं. पाणी सारखं सुकलं. तपकिरी रेघ जागच्या जागी, नख अडलं नाही. बाकी सगळे खडे तुम्ही कोरून बसवलेले होते, सुईचे बारीक खड्डे दिसत होते. फक्त डाव्या कोपऱ्यात एक तुम्ही तसाच ठेवला आहे. इतकी वर्षं दगड झिजला, तरी तुम्ही त्या कोपऱ्यावर कधी पातं नेलं नाहीत. तो कोपरा बाकीच्या दगडापेक्षा बोटभर उंच राहिला आहे. त्या ठिपक्याभोवती पेन्सिलीचा गोल होता. ताजा होता, पाणी लागल्याबरोबर पुसट व्हायला लागला. म्हणजे दवाखान्यात जायच्या दिवसापर्यंत तुम्ही तो काढत होतात.

मी बापाचा जुना वस्तरा काढला. कान दगडाला लावला. पातं सावकाश नेलं.

लगेच शटर ओढलं आणि तुमच्या घरी गेलो. शुक्रवार होता, तुमचा खुर्चीत बसायचा दिवस. पडद्याबाहेर उभा राहून भाभींना सगळं सांगितलं. गोल पुसला ते, नाव घेतलं ते, चौदा वर्षं नाही म्हणत राहिलो ते. मुलगी पाणी घेऊन आली, मी प्यायलो नाही. मला वाटलं त्या रडत असतील, किंवा मला निघून जा म्हणतील. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं.

भाभी म्हणाल्या, "हे त्याईच्या कानावर घालाचं होतं, गजूभाऊ. माह्या नाई."

म्हणून लिहायला बसलो. तुमच्या कानापर्यंत जाईल की नाही मला माहीत नाही. पण गाळलेलं आता लिहितो. त्या सकाळी टपरीत, गाडीला पाऊण तास असताना, तिसऱ्या ओढीला पातं डाव्या कोपऱ्यावर आलं आणि टिक झालं. मी थांबलो. धारेकडे पाहिलं नाही. गाडी चुकेल म्हणून चामड्याच्या पट्ट्यावर दोन हात मारले, वस्तरा मिटला आणि निघालो.

येतो आवाज, युसूफभाई. मला तेव्हाही आला होता.